विमानात दोघांनाच जागा होती

माझी लेक तीन वर्षांची असताना तिच्या उजव्या डोळ्यात गाठ निघाली. मोबाईलवर तिचा फोटो काढला की त्या डोळ्यात मांजरीसारखी पांढरी चमक यायची. ती आधी मला दिसली. घरच्यांना पटायला चार महिने गेले. "फोटोतच तसं दिसते," असं म्हणत राहिले.

मग वर्ध्याच्या दवाखान्यात किमो सुरू झाली. तिचे केस गेले. एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढचं सगळं हैदराबादला. तारीख चुकवू नका. पण रेल्वेच्या गर्दीत नेऊ नका हिला, साधा सर्दी-खोकलाही झेपायचा नाही."

त्यांनीच मला एक फोन नंबर दिला. काही वैमानिक आपल्या लहान विमानातून आजारी मुलांना दूरच्या दवाखान्यात फुकट पोचवून देतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी नालवाडीच्या एका शाळेत शिकवत होते. मधल्या सुटीत सायकली लावायच्या शेडमागे जाऊन फोन केला. पलीकडून हिंदीत बोलणारा वयस्क, शांत आवाज आला. हे गृहस्थ पूर्वी मोठी विमानं चालवायचे, आता निवृत्त होते. आठ-दहा दिवस आमचं बोलणं चाललं. रिपोर्ट मी पाठवले, फॉर्म मी भरला, हैदराबादची वेळ मी ठरवली. एकदा त्यांनी सगळ्यांची वजनं विचारली. "छोटा जहाज है, मैडम. बच्ची और दो बड़े, बस." मी, नवरा आणि लेक, तिघंही दवाखान्यातल्या काट्यावर उभे राहिलो. आकडे कळवले. चालेल म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, देवळीहून आले. हातात भरलेली बॅग होती.

"मी चाललो याच्यासंग," ते नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तिथं डॉक्टरसंग बोलाले मानूस पायजे. बाईमानसाचं काय काम? तू रेल्वेनं येजो मागून."

"फॉर्मवर माझं नाव आहे," मी म्हटलं.

"नावाचं काय, बदलते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो औषधांची पिशवी उघडून परत बांधत होता. "दादा म्हनते तं येऊ दे ना," तो खाली बघूनच म्हणाला. "तुले एका दिवसाचाच तं फरक हाय."

शाळेत भरल्या वर्गासमोर खणखणीत बोलणारी बाई मी. त्या दुपारी मी लेकीचे कपडे भासऱ्यांच्या बॅगेत भरून दिले.

सकाळी नागपूरच्या विमानतळावर ते वैमानिक फाटकापाशीच उभे होते. बुटके, पांढरे केस, तोंडाला मास्क. लेकीला हात लावायच्या आधी त्यांनी बाटलीतल्या औषधाने हात चोळून घेतले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मेरी बात आप ही से होती थी ना, मैडम?"

"इन्हीं से," भासरे पटकन म्हणाले. "पर ये नहीं आ रहीं. जहाज से डरती हैं. भोत डरपोक हैं."

म्हातारा माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला ती आजही सहन होत नाही. "कोई बात नहीं, बेटी," तो म्हणाला. "बहुत लोग डरते हैं. मैं सँभालकर ले जाऊँगा."

मी हो म्हणून मान हलवली. त्याने भासऱ्यांचं वजन विचारलं आणि कागदावर माझ्या जागी त्यांचं नाव लिहिलं.

लेकीने माझी ओढणी मुठीत धरली होती. भासऱ्यांनी तिचं एकेक बोट सोडवलं. ते आत गेल्यावरही तिचं रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. मला ते विमान बाहेरून बघायलाही मिळालं नाही.

मी संध्याकाळची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोचले. तोवर तिचा डोळा काढून झाला होता. सकाळी बेशुद्ध करून तपासलं तेव्हाच तो वाचणार नाही हे कळलं होतं, आणि नवऱ्याने सही केली होती. डॉक्टरांनी मला नंतर नीट समजावलं, दुसरा इलाजच नव्हता. माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, चमक दिसल्यावर पंधरा दिवसांत दवाखान्यात आणलं. भासऱ्यांनी सांगितलं होतं तसं. मी उभ्या उभ्या ते खोडायला लावलं आणि चार महिने लिहवून घेतलं.

लेक शुद्धीवर आली तेव्हा आई, आई करत होती म्हणे. मी पोचले तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्या हातचं पाणीही प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी भासरे गावी परतले, सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी होती. पुढचे वीस दिवस मी तिथे होते. तब्येत सुधारली म्हणून आम्ही परत रेल्वेनेच आलो. वर्ध्यात पोचलो तेव्हा नातेवाइकांच्या मोबाईलवर भासऱ्यांचा विमानाला टेकून उभा असलेला फोटो फिरून आला होता. पुतणीसाठी धावून गेलेला काका.

आता ती सातवीत आहे. बसवलेला डोळा कळतही नाही. गेल्या महिन्यात शाळेत तिने भाषण केलं, मला मदत करणारी माणसं या विषयावर. वैमानिक आजोबा, बाबा, आणि मोठे बाबा म्हणजे भासरे. शेवटी म्हणाली, "माझी आई विमानाला घाबरते, म्हणून ती आली नव्हती." पालक हसले. मीही हसले.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. ती न जेवता ऐकत राहिली. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिथूनच म्हणाला, "जुनं उकरून काय भेटते तुले?"

लेकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "मग तू बोलली काऊन नाई?"

मी ताटं उचलायला लागले. तिथे भांडण झालं असतं तर ते विमान हातचं गेलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण तो म्हातारा आम्हाला टाकून जाणारा नव्हता. ते मला त्या फाटकाशीही कळत होतं.