गॅस संपलेली भाऊबीज

आमच्या घरात कुठलीच वस्तू मरत नसे, ती गावाकडं जायची. तीन पायांची खुर्ची, आवाज येणारा पण चित्र न दिसणारा टीव्ही, मोटार जळालेला मिक्सर, सगळ्यांवर एकच उपाय: "गावाकडं धाडू." आणि हे अशा सुरात म्हणायचं की जणू कुणाचं भलंच करतोय. परतूरमधल्या आमच्यासारख्या नोकरदार घरांनी आपापल्या गावांचा उकिरडा करून ठेवला होता आणि वर त्या गावांनी आपले आभार मानावेत अशी अपेक्षाही होती. आज ते आठवलं की मला स्वतःची किळस येते.

मी तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. घरात एक फिकट निळा फ्रिज होता, तोही कुणाचा तरी वापरलेला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका दिवाळीत आम्ही दहा दिवस बायकोच्या माहेरी गेलो आणि आमच्या मागं तो बंद पडला. आत दुधाचं पातेलं होतं, खवा होता, भरताची वांगी होती. परत आल्यावर मी दार उघडलं. वास आला असं म्हणणं फार सभ्य होईल. त्या वासानं थोबाडीतच मारली. खव्यावर हिरवी लव आली होती आणि ती हलत होती. वाकून बघितलं तेव्हा कळलं, लव नव्हे, खाली अळ्या हलताहेत. वांग्यांचं काळं पाणी होऊन खालच्या कप्प्यात साचलेलं. दाराच्या रबराच्या घडीत तर त्या अळ्या ओळीनं बसल्या होत्या. बायको मोरीत जाऊन ओकली. मी नाकाला रुमाल बांधून सगळं बाहेर काढलं, वरवर फडकं मारलं आणि दार लावून टाकलं. रबराच्या घड्या उघडून पुसायला माझा हात धजला नाही.

मेकॅनिक आला, त्यानं मागून वाकून बघितलं. "सर, गॅस गेला अन् काँप्रेसर बी जळाला. ह्याच्यावर आता खर्चा करू नका."

नवा फ्रिज जालन्याहून टेम्पोतून आला. जुना घेऊन जा म्हटलं तर टेम्पोवाला ऐकू न आल्यासारखा निघून गेला. आमच्याकडं वाहन म्हणजे एक सायकल. हातगाडीवाल्या भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं फ्रिजला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "तांबा लेतूँ, काँप्रेसर लेतूँ. बाकी डब्बा नाले में डाल देतूँ, सर." त्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गाला ओझोनचा थर शिकवला होता, फ्रिजमधल्या वायूनं आभाळाला कसं भोक पडतं ते खडूनं काढून दाखवलं होतं. नाल्यात टाकणं माझ्या तत्त्वात बसेना. तत्त्व तर जपायचं, पण अंग हलवायचं नाही, यासाठी आमच्याकडं उपाय तयारच होता.

मंठ्याजवळच्या एका खेड्यात माझी आत्या राहायची. वडलांची धाकटी बहीण, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दारात दोन म्हशी. वडील दोन वर्षांपूर्वी वारले आणि त्यानंतर मी तिच्याकडं फिरकलो नव्हतो. तिचा शेजारी ट्रॅक्टरमधून कापूस घेऊन परतूरच्या बाजारात आला होता. ट्रॉली रिकामी परत जाणार होती. आम्ही चौघांनी फ्रिज वर चढवला. दोरी आवळता आवळता शेजाऱ्यानं विचारलं, "चालू हाय ना सर?"

"हो," मी म्हणालो. "फक्त गॅस संपलाय."

का म्हणालो असं? मेलेली वस्तू धाडतोय हे तोंडातून निघेना म्हणून. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं आपोआप झाकलं जातं, हे मास्तर लोकांना चांगलं जमतं. ट्रॉली वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला हलकंसुद्धा वाटलं.

फेब्रुवारीत शिक्षकांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला मी मंठ्याला गेलो. दुपारी चहाला बाहेर पडलो तर गॅस एजन्सीपुढं रांग लागली होती आणि रांगेत आत्या उभी. डोक्यावर पदर, हातात रेशनकार्ड. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं.

"बरं झालं बाबा, आलास. ह्या लोकांला तूच सांग. चार डाव आले मी. ह्ये मला गॅसच देऊन न्हाई राह्यले."

खिडकीतला माणूस वैतागला होता. "आजी, किती बार सांगू? सिलेंडर चुलीला लागतंय. फ्रिजला सिलेंडर लागत न्हाई!"

सगळी रांग हसली. त्यांच्यासाठी तो रोजचा खेळ झाला असावा, कारण एकानं मागून विचारलं, "आजी, फ्रिजवर भाकरी भाजायची का?" पुन्हा हशा. आत्याही थोडी हसली, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तशी. मग माझा दंड धरून तिनं मला पुढं ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो माझा भाचा. परतूरला मास्तर हाय. भाऊ गेल्यावर बी ह्यानं माझी भाऊबीज बुडू दिली न्हाई. फ्रिज धाडलाय फ्रिज!"

रांगेचं हसू थांबलं आणि सगळे माझ्याकडं आदरानं बघायला लागले. त्या आदराची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या अळ्यांचीही आली नव्हती.

भाऊबीज! फ्रिज धाडला तेव्हा दिवाळी होऊन फार दिवस झाले नव्हते. वडील दरवर्षी भाऊबीजेला लुगडं घेऊन तिच्याकडं जायचे. दोन दिवाळ्या तिच्या दारात माहेरचं कुणी गेलं नव्हतं, आणि तिसरीला ट्रॉलीभर मोठं काहीतरी आलं. तिनं दुसरं काय समजावं? आमच्या डोक्यात ही रीत आलीसुद्धा नाही, आम्हाला फक्त पडवी मोकळी करायची होती.

प्रशिक्षण सोडून मी तिच्याबरोबर एसटीत बसलो. वाटेत ती सांगत होती. "शनवारी आल्ता बघ. शनवारी लोखंड उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत, म्हून लिंबाखाली ठिवला. सारं गाव बघून गेलं. ऐतवारी बाया बोलावल्या, नारळ फोडला अन् मंग आत घेतला. समद्यांला सांगितलंय, गॅस आला की उन्हाळ्यात गार पाणी माझ्याकडून न्या."

घरात देवळीशेजारी, सगळ्यात चांगल्या जागी तो उभा होता. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, वर क्रोशाचा रुमाल. आत्यानं कौतुकानं दार उघडलं. आत काहीच नव्हतं. राखेनं घासून, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुऊन तिनं तो इतका लख्ख केला होता की आमच्या घरी तो कधी तसा नव्हता. मी नकळत वाकून रबराची घडी उघडली. स्वच्छ.

"तिथं लई आळ्या हुत्या रे," ती म्हणाली. "वाटंत लागल्या असतील. मी काडीनं येक येक काढल्या."

माझ्या घरच्या अळ्या. ज्यांना हात लावायला मला किळस आली त्या हिनं भाऊबीज म्हणून लिंबाखाली बसून काढल्या, आणि त्यांचा दोष वाटेला दिला. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. हा गॅस वेगळा असतो, तो कुठल्याच एजन्सीत मिळत नाही. काँप्रेसर जळालाय, हा फ्रिज कधीच चालणार नाही. भाऊबीज वगैरे काही नव्हती. कुठं टाकावा कळेना म्हणून धाडला होता.

आत्यानं फ्रिजचं दार हलकेच लावलं. वरचा क्रोशाचा रुमाल उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "मंग टाकायला माझंच घर घावलं का?"

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. ती तसं काही म्हणाली नाही. चहाही टाकला नाही, जो तिनं दारातल्या परक्यालाही टाकला असता.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडी मिळवली. गाव बघत असताना फ्रिज चढवला. कुणी विचारलं की मी सांगत होतो, "बिघडलेला होता, मीच धाडला होता." हे प्रत्येक दारापुढं मोठ्यानं सांगायचं मी ठरवलं होतं आणि सांगितलं. हमरस्त्यावर मोसंबी घेऊन जालन्याला निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडलो आणि मागं फ्रिजला टेकून बसलो. जालन्यात भट्ट्या आहेत. कुठकुठलं मोडकं लोखंड तिथं येतं आणि वितळून सळई होऊन बाहेर पडतं. नाल्यापेक्षा ते बरं.

भंगारच्या अड्ड्यात एका माणसानं दहा मिनिटांत फ्रिज उलगडला. तांबं एकीकडं, पत्रा एकीकडं. आतून काचेची पिवळी लोकर निघाली ती त्यानं भिंतीपलीकडं उधळायला उचलली. पलीकडं काळ्या चिखलात डुकरं लोळत होती, जळक्या वायरींचा धूर घशात बसत होता आणि त्यातच एक बाई मुळा धूत होती. मी म्हणालो, ती लोकर मला द्या. तो माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघत राहिला. मी ती उघड्या हातांनी पोत्यात भरली, पॅसेंजरनं परतूरला आणली आणि स्वतःच्या अंगणात खोल खड्डा करून पुरली. आठ दिवस अंगाला खाज सुटली होती. बायकोनं विचारलं, आपल्याच दारात कशाला? मी म्हणालो, आपलीच आहे म्हणून. गॅस मात्र केव्हाच आभाळात गेला होता, त्याचं मला काही करता आलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात "गावाकडं धाडू" हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

पुढच्या भाऊबीजेला मी हिरवं लुगडं घेऊन आत्याकडं गेलो. देवळीशेजारची जागा तिनं मोकळीच ठेवली होती. तिनं मला पाटावर बसवलं, ओवाळलं. मी लुगडं तिच्या हातात दिलं. तिनं ते सावकाश उलगडलं, उजेडाकडं धरून आडवंउभं बघितलं, काठावरून बोट फिरवलं. शेजारणी दारात उभ्या होत्या.

"चालू हाय ना?" तिनं विचारलं.