बांगड्यांचा होकार

आमच्या घरात थोरल्या दिरांपुढं बायकांनी बोलायची रीत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवून बोलले नाहीत की ताटाला नावं ठेवली नाहीत. काही विचारायचं असलं की ते माझ्या पोरीला विचारतात, "तुझ्या मम्मीला विचार, म्हशीला पाणी दावलं का." मी तिथंच चुलीपाशी असते. पाणी पाजलं असलं तर मी हातातल्या बांगड्या वाजवते. नसलं तर गप्प राहते. ते समजून घेतात. पोर लहान होती तेव्हा तिला हा खेळ वाटायचा. मोठी झाली तशी तिला त्याची लाज वाटायला लागली, आणि तिला वाटायला लागली म्हणून मलाही.

पोरगी सॉफ्टबॉल खेळते. तिच्या शाळेत एक खेळाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी पोरींच्या हातात बॅट दिली. तेव्हापासून घरात दुसरं बोलणं नाही. अंगणात तिनं बेस मांडले होते. एक वीट, एक पत्र्याचं झाकण, एक फुटकं घमेलं आणि शेवटी धावत परत यायचं त्या होमच्या जागी माझी जुनी चप्पल. चेंडू टाकायला मी. खालून हात फिरवून टाकायचा, वरून टाकला तर चालत नाही, हे तिनं मला शिकवलं. आणखी एक नियम तिला फार महत्त्वाचा वाटायचा. चेंडू टाकणारीच्या हातातून सुटेपर्यंत बेसवरचा पाय हलवायचा नाही. आधी हलला की आऊट. ती विटेवर एक पाय ठेवून वाकून उभी राहायची, आणि मी हात फिरवायची, आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजायची. थोरले दीर आत यायचे. मी चेंडू पदरात घेऊन घरात निघून जायची. पोरगी तशीच विटेवर वाकलेली राहायची.

मग तिचं नाव पुण्याच्या शिबिरासाठी निघालं. पोरींना बाहेरगावी न्यायचं म्हणून मॅडमनी सगळ्या पालकांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. पोरीच्या आई किंवा वडलांनी तोंडानं हो म्हणायचं, मगच नाव पक्कं, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. माझा माणूस साखर कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर, हंगामात कर्नाटकाच्या बाजूला असतो. त्याला फोन केला तर तो गाडी चालवत होता. म्हणाला, तू आणि दादा ठरवा. थोरल्या दिरांना, म्हणजे तिच्या आबांना, पोरीनं विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या मम्मीला विचार. पोरगी तिची हाय." म्हणजे सगळं माझ्यावर येऊन बसलं.

कॉलच्या दिवशी मी सकाळपासून भिंत पुसत होते. कॉलला बसायचं त्या खोलीत खताच्या गोण्या आहेत, कापसाचं गाठोडं आहे, दोरीवर कपडे असतात. मी लग्नातली मोराची चादर काढून मागं खिळ्यांना टांगली. पोरीनं बघितली आणि म्हणाली, "मम्मी, लई गावठी दिसतंय गं." तिनं फोनमध्ये काहीतरी दाबलं आणि माझ्यामागं पुस्तकांची भिंत आली. खालपासून वरपर्यंत पुस्तकं, लाल, निळी, जाडजूड. मी चौथीतून शाळा सोडली. त्या पुस्तकांपुढं माझं तोंड बघून मलाच कसंतरी झालं. पण पोरगी खूश होती, म्हणून ती भिंत तशीच राहू दिली.

कॉल सुरू झाला. चौकोनाचौकोनांत आया दिसत होत्या. कुणी स्वयंपाकघरात, कुणी शेतात झाडाखाली. मॅडम एकेकीला विचारत होत्या आणि त्या हो, पाठवते म्हणत होत्या. मी मनात वाक्य पाठ केलं होतं. मॅडम, माझी परवानगी आहे. एवढंच म्हणायचं होतं.

माझी पाळी आली आणि मी पडद्याकडं नीट बघितलं. खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनात थोरले दीर होते. शाळेत नंबर त्यांचा लिहिलेला, म्हणून लिंक त्यांनाही गेली होती. ते कामासाठी तालुक्याला, केजला, गेले होते आणि तिथंच कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसून फोन तोंडापुढं धरून बघत होते.

माझा हात आपोआप वर गेला आणि मी पदर तोंडावरून ओढला. आता फोनला पदर कुठून कळणार. त्यानं पदर आणि पदराखालचं तोंड दोन्ही पुस्तकांत जमा केलं. पडद्यावर नुसती पुस्तकं आणि खाली माझे दोन हात राहिले.

"ताई, दिसत नाही तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "बरं, असू द्या. मुलीला पाठवायला तुमची परवानगी आहे ना?"

मी बांगड्या वाजवल्या.

"कुठून तरी भांड्यांचा आवाज येतोय. ज्यांच्याकडं भांडी चालू आहेत त्यांनी माईक बंद करा."

मी परत वाजवल्या, जोरात. पोरीनं घाबरून आमचाच माईक बंद केला, मग चालू केला. मॅडम परत विचारत होत्या. बाकीच्या आया थांबल्या होत्या. पोरगी माझ्या कानात म्हणत होती, बोल की, बोल की. माझी जीभ उचलली नाही. घरात दाराआड मी त्यांच्यापुढं वीसेक वर्षं गप्प राहिले, तर आता सगळ्यांपुढं त्यांच्या तोंडावर कशी बोलू. पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग फोन स्वतःकडं वळवला.

"मॅडम, माझ्या मम्मीला बोलता येत नाही. ती मुकी हाय."

 मॅडमचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या म्हणाल्या, बाळा, मला माहीत नव्हतं. मग शनिवारी केजच्या मैदानावर सामना आहे, तिथं आईंना घेऊन ये, मी समोरासमोर विचारून घेते, तोवर नाव राखून ठेवते.  कोपऱ्यातल्या चौकोनात थोरल्या दिरांनी खाली बघितलं.

 फोन बंद झाल्यावर मी चादर काढून घडी घातली. चुलीपाशी मी तिच्या ताटात भाकरी वाढताना ती एवढंच म्हणाली, "तू बोलली असतीस तर मला खोटं बोलावं लागलं असतं का?"  आपल्या पोरीनं आपल्याला जगापुढं मुकं केलं याचा राग यायला पाहिजे होता. मला राग आला नाही. ती बरोबर बोलली असं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

शनिवारी आमच्या नांदूरघाटहून जीपनं निघालो. थोरले दीर ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागं. मैदानावर चुन्यानं बेसच्या रेघा मारलेल्या होत्या. मॅडमनी मला लांबूनच ओळखलं. जवळ येऊन त्यांनी आधी छातीवर हात ठेवला, मग पोरीकडं बोट दाखवलं, मग दोन्ही अंगठे वर केले. मला कळेना. मीही अंगठा वर केला. त्यांनी चहाचा कप हातात देऊन कप तोंडाला लावायची खूण केली, जसं काही मला चहा कसा पितात ते माहीत नाही. शेजारी बसलेल्या एका मुलीच्या आईनं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं, "कुठल्या गावच्या?" मग स्वतःच म्हणाली, अगं, ऐकू येत नसेल बिचारीला. सगळं ऐकू येत होतं. पोरीच्या मैत्रिणी तिच्याशी फार जपून वागत होत्या. एकीनं तिची पाण्याची बाटली उचलून दिली. पोरगी माझ्याकडं बघतच नव्हती.

सामन्यात ती तिसऱ्या बेसपर्यंत पोचली. एक पाय बेसवर ठेवून वाकून उभी राहिली, अंगणात उभी राहायची तशी. चेंडू सुटला, फटका बसला आणि ती होमकडं धावली. होमपाशी चेंडू झेलणारी कॅचर वाटेतच होती. दोघी एकमेकींवर आदळल्या आणि माझी पोर कोपरावर पडली. उठली नाही.

मी धावले. कशी पोचले ते आठवत नाही. तिच्या कोपरातून रक्त येत होतं आणि त्यात माती भरली होती. मी पदरानं माती पुसत होते. तोंडात एकही शब्द आणला नाही. कारण मागं थोरले दीर येऊन उभे होते, आणि पुढं मॅडम होत्या, ज्यांच्यासाठी मी मुकी होते. पोर खाली पडलेली असताना मी हे दोन्ही हिशेब धरून गप्प बसले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते म्हणाल तर याची.

पोरगी वर बघत म्हणाली, "मम्मी, कायतरी म्हण ना."

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कोपरामुळं नव्हतं. ती उठून बसली आणि मॅडमना म्हणाली, "माझी मम्मी बोलती. मी खोटं बोलले. आबांपुढं ती बोलत न्हाई, म्हणून."

मॅडम तेवढ्यात मला हातानं काहीतरी सांगत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला, मग खाली आला. त्याही लाजल्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

थोरले दीर खाकरले. "होकार तर तिनं तवाच दिला होता, मॅडम. फोनवर. बांगड्या वाजवल्या होत्या की."

"ती भांडी नव्हती?"

"न्हाई. बांगड्या होत्या. दोनदा वाजवल्या."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, बांगड्यांवर मी मुलीला पुण्याला नाही नेऊ शकत. मला त्यांच्या तोंडून ऐकायला हवं."

 थोरल्या दिरांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि ते कुंपणाकडं चालायला लागले. तिथं नुसत्या जीपा लावलेल्या होत्या. ते आमच्याकडं पाठ करून त्या जीपांकडं बघत उभे राहिले. माझ्यासाठी कुणी मोठं माणूस असं बाजूला झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. आणि त्यांना उन्हात उभं करून आपण इथं बोलणार, याचंही मला ओझं झालं.

पाठ केलेलं वाक्य आठवेना. आवाज आधी फुटलाच नाही, मग एकदम मोठा आला.

"न्या तिला," मी म्हणाले. "पण एकटीला झोपवू नका. ती झोपेत उठून चालती. दाराला कडी लावा."

सगळ्या पोरी हसायला लागल्या. माझ्या पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, रक्ताळलेल्या कोपरासकट. "मम्मी, गप की," ती म्हणाली.

तिचं नाव पक्कं झालं. ती शिबिराला जाऊन आली. मॅडमनी दाराला कडी लावली होती की नाही, हे मी विचारलं तर ती चिडते, म्हणून विचारत नाही.

मी कुंपणापाशी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले होते. थोरल्या दिरांनी ऐकलंच असणार. घरी त्याचा विषय त्यांनी काढला नाही. परतीच्या जीपमध्ये ते पुढं बसले, आम्ही मागं. रीत आहे तशीच आहे. ते अजून पोरीलाच म्हणतात, तुझ्या मम्मीला विचार, म्हशीला पाणी दावलं का. मी चुलीपाशी बांगड्या वाजवते.

पोरगी अभ्यासाचं पुस्तक खाली न ठेवता म्हणते, "मला काय ऐकू आलं न्हाई." मी परत वाजवते. ती परत तेच म्हणते. दारात थोरले दीर चपला काढत थांबलेले असतात. ते जरा जास्तच वेळ थांबतात, असं मला हल्ली वाटतं. माझे कान गरम होतात. मी खाली मान घालून पीठ मळत राहते.