नववा टोल आणि स्टीलची पट्टी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाव किलो लसूण सोलला. मंगळवार होता. चाळीच्या गॅलरीत ती स्टुलावर, मी उंबऱ्यावर. मी म्हटलं, "पाकळ्या मोजू का?" तर सुलू म्हणाली, "नको. तुम्ही मोजायला बसलात की आकडा चुकणार, आणि वर माझ्याशी भांडणार." बारा वाजले तशी ती नेहमीसारखी उठून उभी राहिली. हाताला लसणाची सालं तशीच. मिनिटभर उभी, मग परत बसली.

हे उभं राहणं काय, ते पुढं सांगतो.

आधी एक सांगून ठेवतो – भूत, आत्मा, संकेत असलं काही मी मानत नाही. बेचाळीस वर्षं शाळेत शिपाई होतो. मागं जुन्या पाद्रींच्या कबरी आहेत, त्यांच्या भिंतीला टेकून रोज डबा खाल्ला. या पानावर लोक असले अनुभव लिहितात ते मुलगी मला वाचून दाखवायची, मी म्हणायचो, "थापा मारतात लेकाचे." आता मीच सांगतोय. मी चौथी शिकलेला. मुलगी टाइप करतेय, तिला बजावलंय – सुधारू नको.

शाळा परळची, कॅथलिक लोकांची. नाव लिहीत नाही. कुणा फादरनं म्हणे गोडाऊनमध्ये वीस पोरं घेऊन सुरू केली. माझ्या वेळेला निम्मी पोरं गिरणी कामगारांची, कोकणातली. घरी गणपती, शाळेत येशू. कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

तिथं दुपारी बाराला एंजलसची घंटा द्यायची. मेरीमातेची प्रार्थना असते ती. लाकडी मोगरीनं मारायची – तीन टोल, थांबायचं. परत तीन, थांबायचं. परत तीन. मग सलग नऊ. घंटा सुरू झाली की अख्खी शाळा जिथल्या तिथं उभी. फळ्यावर खडू टेकवलेला मास्तर तसाच. जिन्यावरून उड्या मारत येणारं पोरगं एक पाय खालच्या पायरीवर ठेवून तसंच. हिंदू पोरांवर जबरदस्ती नव्हती, पण पाय आपोआप थांबायचे.

माझी गोची त्या शेवटच्या नवात. हात सुरू झाला की आकडा जायचा. कधी आठ, कधी दहा. एकदा तेरा मारले. फादर म्हणाले, "आज देवाला वरकड दिलेस रे!"

सुलू याच शाळेत मॅट्रिक झाली आणि तिथंच वर लायब्ररीत फाटकी पुस्तकं शिवायला लागली. एक दिवस खाली आली. "अहो शिपाई, तुम्हाला नऊ येत नाहीत का?"

"येतात. हात ऐकत नाही."

"मग मी मोजते. पट्टी वाजली की थांबा."

दुसऱ्या दिवसापासून नववा टोल पडला की वरच्या खिडकीच्या गजावर तिची स्टीलची पट्टी – ट्टक्. माझा हात थांबायचा. दोन वर्षं एकदाही चुकलो नाही. मग आमचं लग्न झालं, मुलगी झाली, सुलूनं काम सोडलं आणि मी परत दहा मारायला लागलो. फादर म्हणाले, "तुझ्या पट्टीला परत बोलाव."

पण सुलूची सवय गेली नाही. घरी लाटणं हातात असलं तरी बाराला उभी. मी कधी तिच्याबरोबर उभा राहिलो नाही. म्हणायचो, "मी वाजवणारा. आयुष्यभर उभा राहूनच वाजवली." रिटायर झाल्यावर तर चिडवायचो, "शाळेत आता बझर बसलाय. कोणासाठी उभी राहतेस?" ती म्हणायची, "तुमचं काय जातं?"

लसूण सोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं. शनिवारी सकाळी हॉस्पिटलात तिनं विचारलं, "बारा वाजले का हो?" नऊसुद्धा वाजले नव्हते. मी म्हटलं, "झोप गं. वाजले की सांगतो."

साडेअकराला खाली चहाला गेलो. टपरीवर एक टक्कल पडलेला माणूस ओरडला, "मामा! शाळेतले मामा ना तुम्ही?" जुना विद्यार्थी, लालबागचा. त्यानं आठवण काढली – नाताळचा गोठा त्याच्या वर्गानं गणपतीच्या मखरातून वाचलेल्या थर्माकोलचा केला होता. मेंढरांच्या शेजारी कुणीतरी गणपतीचा उंदीर ठेवला. सिस्टर लालबुंद. फादर वाकून बघत म्हणाले, "राहू दे. थंडी त्यालाही वाजत असेल." आम्ही दोघं हसलो, अजून एक कटिंग घेतला. वर गेलो तर नर्स सुलूच्या खाटेभोवती पडदा ओढत होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं.

वाजले की सांगतो म्हटलं होतं. नाही सांगितलं. दुसरं काही नाही, हे एवढंच मला खात होतं. जेवताना, आंघोळ करताना... हेच.

सुलू गेल्यावर दीड महिन्यानं शाळेतल्या सिस्टरचा फोन आला. जुनी इमारत पाडतायत, माजी विद्यार्थी जमणार आहेत. "मामा, शेवटची बाराची घंटा तुम्हीच द्या." मी नाही म्हणत होतो. मुलीनं ओढत नेलं.

इमारत अर्धी सोलून ठेवलेली. लायब्ररीचा जिना आधीच तोडलेला. वरच्या खिडक्यांना फक्त चौकटी, गज भंगारवाल्यानं काढून नेलेले. घंटा मात्र पोर्चमध्ये तशीच. आता शिपाई आहे तो फ्रान्सिस, त्यानं मोगरी हातात दिली. पटांगणात पन्नाशी-साठीची माणसं, पोटं सुटलेली, पण घंटेखाली मी गेल्यावर सगळी ताठ उभी राहिली.

तीन मारले. तीन. तीन. मग नऊ सुरू केले. मनात म्हटलं, सुलू, बारा वाजले गं. आणि तिथंच डोळे भरले, आकडा गेला. पाच झाले का सहा? हात चालूच.

ट्टक्.

वरून. लोखंडावर पट्टी. हात जागच्या जागी थांबला. वर बघितलं. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून नुसतं आभाळ.

फ्रान्सिस म्हणाला, "मामा, वर कोण आहे?"

"तुला ऐकू आलं?"

"गजावर मारल्यासारखं. पण वर जायला जिनाच नाही ना!"

सिस्टरना विचारलं, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. कामगारांना त्या दिवशी सुट्टी होती. मुलगी म्हणते, उन्हानं एखादी सळई तडकली असेल. असेल. तिनं मोबाइलवर घेतलेलं शूटिंग घरी येऊन चार वेळा लावलं. टोल मोजले. नऊच आहेत. पट्टीचा आवाज त्यात कुठंच नाही. पण नववा टोल पडल्यावर मी आणि फ्रान्सिस, दोघं एकदम मान वर करतो, ते स्वच्छ दिसतं.

याचा अर्थ मला लावता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा. माझी दया येऊन खोटं सांगू नका, एवढंच.

सुलूची पट्टी शिलाई मशीनच्या खणात होती. कडांना गंज. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या चर्चची सकाळी सहाची घंटा आमच्याकडं ऐकू येते, तीही एंजलसचीच. सुलू त्या घंटेला कधी उभी राहिली नाही, तेव्हा नळाला पाणी असायचं. मी राहिलो. तीन, तीन, तीन. मग नऊ, एकेक मोजून. नवव्याला गॅलरीच्या गजावर पट्टी मारली.

शेजारचे तावडे कळशी घेऊन थांबले. "काय हो, सकाळी सकाळी काय वाजवताय?"

"सहा वाजले, ते सांगतोय."

"कोणाला?"

मी पट्टी खिशात घातली आणि पाणी भरायला गेलो.