खंडेनवमीला धुतलेल्या परीक्षानळ्या

लेड आयोडाइड म्हणजे शिसं आणि आयोडीन यांचं संयुग. रंग पिवळाधमक. आयुष्याची चांगली सात वर्षं मी त्याच्या मागं घातली आणि त्याचं नाव निघालं की अजून माझं डोकं सणकतं. पण आधी ते काय असतं ते सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

किरणोत्सर्ग डोळ्याला दिसत नाही. तो मोजायला असा अर्धवाहक लागतो, की किरण आत शिरला की विजेचा बारीकसा धक्का बाहेर पडावा. जर्मेनियम हे काम फर्स्टक्लास करतं, पण त्याला द्रव नायट्रोजननं सतत गार ठेवावं लागतं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तेव्हा प्यायचं पाणी गार मिळायची मारामार, तिथं द्रव नायट्रोजन कुठून आणता? लेड आयोडाइडला असले लाड लागत नाहीत. शिसं आणि आयोडीन दोन्ही जड, त्यामुळं किरण चांगले अडवतात, आणि खोलीतल्या साध्या तापमानाला काम भागतं. शिवाय त्याचे स्फटिक परीक्षानळीत वाढवता येतात. सोडियम सिलिकेटचा थलथलीत जेल करायचा, त्यात शिशाचा क्षार मिसळायचा, वरून आयोडाइडचं पाणी सोडायचं आणि गप्प बसायचं. दीड-दोन महिन्यांत आत सोनेरी षटकोनी चकत्या धरतात. भट्टी नको, वीज नको. अर्धा दिवस लोडशेडिंग असलेल्या तालुक्याच्या कॉलेजात पीएचडी करणाऱ्यानं दुसरं काय निवडावं?

मी तिथं लेक्चरर होतो. पीएचडी झाली नाही तर कायम करणार नाही, असं संस्थेनं तोंडावर सांगितलं होतं. आमच्या बौद्धवाड्यात कॉलेजात शिकवणारा मी पहिलाच, त्यामुळं घरी परत जाऊन तोंड दाखवायची सोय नव्हती. गाईडनं खटपट करून दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मला एक दिवस मिळवून दिला. तिथं माझा स्फटिक खऱ्या किरणांपुढं धरणार होते. तारीख दसऱ्यानंतरच्या आठव्या दिवसाची. चाळीस नळ्यांपैकी तिनातच मनासारख्या चकत्या धरल्या होत्या. त्या मी दिवसातून चारदा बघून यायचो, लेकरू पाळण्यात निजलंय का बघावं तसा.

आमच्या लॅबमध्ये एक मामा होते. कॉलेजात शिपायाला मामाच म्हणतात. अकरा वर्षं टेम्पररीवर काढलेली, आणि कायम करायची त्यांची फाइल त्याच वर्षी संस्थेकडं गेलेली. मामा चौथी शिकलेले. मी नळ्यांच्या रॅकवर चिठ्ठी चिकटवली, 'डू नॉट डिस्टर्ब', तीही इंग्रजीत. झाडलोट करणारा माणूस एकच, आणि त्याला इंग्रजी येत नाही, हे मला सुचलंच नाही. शहाणा ना मी!

दसऱ्यासाठी दोन दिवस आधीच आईला घेऊन मी नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, दरवर्षी जातो तसा. मागं कॉलेजात खंडेनवमी आली. त्या दिवशी सुताराचा रंधा, ड्रायव्हरची गाडी, ज्याचं त्याचं अवजार धुऊन-पुसून पुजतात. मामांना वाटलं, आपलं अवजार म्हणजे ही लॅब.

परत आलो तर रॅक झगझगीत. चाळीसच्या चाळीस नळ्या पालथ्या, प्रत्येकीला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. मी विचारलं, कुणी धुतल्या.

"मीच धुतल्या, सर," मामा कौतुकानं म्हणाले. "आतलं लई नासलं होतं. पिवळी बुरशी चढली होती. राखेनं घासल्या तवा निघाली. म्हटलं, तुमी एवढ्या मोठ्या कामाला चालले, तुमचं सामान बराबर असावं."

मग माझी जीभ सुटली. काहून हात लावला, कुणाला विचारलं, असल्या अडाण्याला लॅबमध्ये ठेवतो कोण, नाही नाही ते बोललो. ती बुरशी म्हणजे शिशाचं विष, ते या माणसानं उघड्या हातांनी घासलं आणि त्याच हातांनी प्रसाद वाटला, हे त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला माझ्या तीन चकत्या दिसत होत्या.

त्याच तिरमिरीत प्राचार्यांकडं अर्ज दिला. त्यात एक शब्द घातला: हेतुपुरस्सर. हेतुपुरस्सर नुकसान केलं. खोटं होतं, आणि मला ते लिहिताना माहीत होतं. पण अर्जात तो शब्द भारदस्त दिसत होता. संस्थेला निमित्तच हवं होतं, कारण त्या जागेवर त्यांना आपला माणूस बसवायचा होता. पंधरा दिवसांत मामांची फाइल परत आली आणि मामा घरी गेले. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही.

माझी तारीख हुकली. पुढची मिळायला दीड वर्ष गेलं. नव्या, आधीपेक्षा मोठ्या चकत्या घेऊन गेलो. त्यांनी कार्बनचे ठिपके लावले, तारा जोडल्या, किरणांपुढं धरलं. पडद्यावर नुसती खरखर. एकही धक्का वेगळा दिसेना. तिथले शास्त्रज्ञ भले गृहस्थ होते. म्हणाले, रंग सुंदर आहे, पण जेलमध्ये वाढलेल्या चकत्या पातळ, त्यांत अशुद्धी फार, सगळी वीज गळून जाते. आधीच्या चकत्या चालल्या असत्या का, मी विचारलं. ते म्हणाले, याहून बारीक होत्या ना? मग नाहीच.

मी प्रबंध नुसता स्फटिकांच्या वाढीवर लिहिला. डिग्री मिळाली, कायमही झालो.

पुढं काही वर्षांनी कळमनुरीच्या बाजारात मामा दिसले. लसूण-अद्रक मांडून बसले होते. मला बघून उठले, बसायला पोतं झटकलं. बायको-लेकरांची विचारपूस केली. मग एकदम हात जोडले.

"सर, माझ्या हातून तुमचं लई मोठं नुकसान झालं. आजून मनातून जात न्हाई. मला माफ करा."

त्या चकत्या कवडीच्या कामाच्या नव्हत्या, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मग माझी नोकरी कशापायी घेतली. ते ऐकायची माझी छाती नव्हती.

"जाऊ द्या मामा," मी म्हणालो. "केलं माफ."