पोचूची कत्ती आणि मरणारे ताड

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात पोचू मडावीसारखा सरसर ताडावर चढणारा दुसरा नव्हता. माणूस गोड, पण हट्टी. बापानं सांगून ठेवलं होतं, कत्तीला पाणी लागलं की ताड रुसतो, ताडी आटते. म्हणून ताडाचा तुरा छाटायची कत्ती पोचूनं जन्मात धुतली नाही. एका झाडावरून उतरला की तीच चिकट कत्ती कमरेला खोचून पुढच्या झाडावर.

पंचावन्न साली ताड मरू लागले. आधी मधलं कोवळं पान पिवळं पडे, मग शेंडाच गळून येई. गावाला कारण हवं होतं, आणि शकुबाई आयतीच सापडली. एकटी विधवा, तोंडाची फटकळ, पाण्यासाठी रोज ताडांखालून नाल्यावर जाणारी. "तिचीच नजर," असं पहिल्यांदा म्हणाला तो पोचूच. पंचांनी ठरवलं, होळी झाली की तिनं गाव सोडायचं.

तेवढ्यात चांद्याहून शेतकी खात्याचे साहेब आले. त्यांनी मेलेल्या ताडाचा शेंडा चिरायला लावला. आतला पांढरा गाभा तपकिरी, लिबलिबीत झालेला, आणि वास असा की उभं राहवेना.

"ही बुरशी आहे," साहेब म्हणाले. "आजारी झाडाचा चीक दुसऱ्याला लागला की तिथं धरते. तो इथं कसा लागतो, ते तुम्हीच शोधा."

पोचूचा हात कमरेकडे गेला. नाल्यापलीकडे दसरूचे ताड होते. दसरूशी भांडण झाल्यापासून पोचू त्यांवर चढत नव्हता. शकुबाई घागर टेकवायची ती त्यांच्याच सावलीत, आणि त्यांचं एकही पान पिवळं नव्हतं. मरत होते ते पोचूनं छाटलेलेच. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याला स्वतःची शिसारी आली.

गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? पण तो पंचांपुढे उभा राहिला. "बाईची नजर नाई, भाऊ. माह्या कत्तीनंच रोग नेला." पंच आधी हसले, मग नाल्यापलीकडे जाऊन दसरूचे हिरवेगार ताड बघून आले. शकुबाईचं जाणं टळलं.

पोचूनं आजारी झाडं पाडली, शेंडे जाळले, कत्ती उकळत्या पाण्यात घातली. मग शकुबाईच्या दारात गेला.

"बाई, माह्यं चुकलं."

शकुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पयला ताड कोनाचा मेला, पोचू? माह्या घरधन्यानं लावलेला. मी त्याच्याखाली बसून रडली, अन् तुमी सारे म्हनले, मंतर मारून राह्यली."