चिखलात राहिलेली जीप

आमच्या डिझेल जीपचे मायलेज घटल्याचा दोष मी पत्नीच्या माथी मारला, आणि खरे कारण कळल्यावरही तो मागे घेतला नाही. ही लबाडी मी आठ वर्षे लपवली.

कारण शोधले ते स्वारगेटजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. "बायकोचा पाय अॅक्सिलरेटरवर जड आहे," ही माझी तक्रार त्यांनी ऐकून घेतली, पण बॉनेट उघडलेच नाही. ताप आलेल्या लेकराचे कपाळ पाहावे तसा त्यांनी झिजलेल्या टायरांवरून हात फिरवला. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून, खिडकीबाहेर कान काढून आवारात एक संथ फेरी मारली. टायर कुरकुरले, तसे ते प्रसन्न हसले.

"साहेब, चिखलात कधी घातली होती?"

"दिवाळीत. मांजरी गावात, मित्राच्या उसात. मीच."

चारही चाकांना जोर देणारी, तेव्हापासून मी तशीच ओढून ठेवलेली छोटी लिव्हर त्यांनी पूर्ववत केली. "ऊस केव्हाच तुटला असेल. गाडी मात्र अजून तुमच्याच चिखलात चालतेय. बाईसाहेबांना उगाच बोललात."

घरी मी 'फिल्टर बदलला' एवढेच सांगितले. पत्नीने जीप पुन्हा चालवली नाही.

परवा किल्ली तिच्यासमोर ठेवून सारे सांगितले.

"अहो, म्हणजे आठ वर्षं मी उगाच रिक्षावाल्यांशी भांडले?" ती हसतच सुटली.

मी हसलो नाही. म्हणालो, "चूक माझी होती. तू गाडी उत्तम चालवत होतीस. मला क्षमा कर."