पालथ्या प्रेक्षकासाठी एक खून

पत्नीच्या उजव्या डोळ्याचा पडदा निसटला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, की हा बुडबुडा पडद्याला जागेवर दाबून धरील; मात्र त्यासाठी आठवडाभर पालथं राहायचं. झोपताना, बसताना, जेवताना तोंड जमिनीकडे. मान वर केली तर पडदा पुन्हा निसटू शकतो, आणि मग त्या डोळ्याने दिसेलच अशी खात्री नाही. मी काही पुरवणी प्रश्न विचारले. सगळी नोकरी वृत्तपत्रात झाल्याने ती सवय जात नाही. डॉक्टरांनी उत्तरं पत्नीला दिली.

घणसोली गावात आम्ही भाड्याने राहतो, तिसऱ्या मजल्यावर. दिवाण खिडकीपासून ओढून मधे घेतला. कडेबाहेर तिचं तोंड, कपाळाखाली उशी, खाली फरशी. पहिल्या दुपारी दर थोड्या वेळाने तिची मान वर यायची. कुकर झाला का, दारात कोण आलं, पंख्यावर धूळ केवढी साचली. मी दर वेळी ओरडायचो आणि ओरडण्याचं कारण बघायला ती मान वर करायची.

तिला एका जागी खिळवून ठेवणारी एकच गोष्ट मला माहीत होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणारे खुनाचे जुने भीतिपट. धुकं, घोडागाडी, माळरानावर एकटी हवेली, मेणबत्ती घेऊन जिना चढणारी बाई आणि सगळ्यांवर संशय. निवृत्तीनंतर दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं तेच बघायचो. त्यातली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून खालची अक्षरं वाचून. आता ती अक्षरं मी वाचायची आणि चित्र मी सांगायचं, असं ठरलं. मी अनेक वर्षं गुन्हे वार्ताहर होतो. या कामाला माझ्याइतका लायक माणूस गावात नसेल, असं मला वाटलं.

पहिला चित्रपट मी सकाळी लवकर उठून आधी एकट्याने पाहून घेतला. पूर्वतयारी. दुपारी ती पालथी झाली, मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि म्हणालो, "हवेलीच्या वृद्ध मालकाचा खून त्याच्या पुतण्याने केला. इस्टेटीचा वाद हे कारण."

 टीव्हीच्या पडद्यावर अजून नावंच येत होती.

"अहो," ती उशीतून म्हणाली, "हे काय केलंत?"

"मुख्य मुद्दा आधी सांगितला. तपशील पुढे येतीलच."

ती ताडकन उठून बसली. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी तिचं डोकं खाली दाबलं. तिचा डोळा वाचवण्यासाठी केलेल्या कार्यक्रमाने तिला सर्वांत वेगाने उठवलं होतं. बातमीतलं महत्त्वाचं पहिल्या वाक्यात आलं पाहिजे, असं मी नव्या मुलांना शिकवायचो. त्यांच्यापैकी कुणी तिथे नव्हतं, एवढं बरं.

दुसरा चित्रपट आधी न पाहता सुरू केला.

"धुकं आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

"कसं?"

"दाट. दृश्यमानता कमी."

"विमान उतरवायचंय का तुम्हाला? कसं दिसतंय ते सांगा ना."

मी नीट पाहिलं. दाराखालून आत येत होतं. मी तसं सांगितलं. तिच्या पाठीवर शहारा आलेला दिसला आणि माझ्या लेखनाने कुणावर असा परिणाम झाल्याचं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हुरूप येऊन मी पुढच्या दृश्यात तीन विशेषणं वापरली. त्यातली दोन एकाच अर्थाची होती, हे तिने उशीतून दाखवून दिलं.

आमच्या घरमालकीण खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरची शेती शहर वसवताना गेली. आता गावात त्यांच्या दोन इमारती आहेत. त्या रोज कालवणाचं भांडं घेऊन वर येत आणि चित्रपट अर्ध्यात असताना खुर्ची घेऊन बसत.

"येवढ्या मोठ्या घरान येकच मेनबत्ती?" त्यांनी विचारलं. "आमचे जिन्यान पन दिवा हाय."

"त्या काळी वीज नव्हती, मावशी."

"मंग दोन मेनबत्त्या घ्यायच्या. नि येवढ्या खोल्या रिकाम्या कशाला ठेवल्यान? भाड्यान दिल्या असत्या तं खून झाला असता का? भाडोत्री असला की घरान जाग असते."

पत्नी हसली. हसताना खांदे हलले, मान हलली नाही. मी मावशींना उद्याही यायला सांगितलं.

असा आठवडा सरत आला. तपासणीच्या आदल्या दुपारी, एका दलदलीकाठच्या हवेलीची गोष्ट शेवटाला आली होती. सगळे संशयित दिवाणखान्यात जमले. इन्स्पेक्टरने पाइप खाली ठेवला, बोट उचललं, आणि आमच्याकडची वीज गेली.

पंखा थांबला. दोन मिनिटांत तिची पाठ घामाने भिजली. आठवडाभर दाबून ठेवलेली मान दुखत होती, कपाळाला उशीचा वळ पडला होता. "मला आता उठायचंय," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "पडदा गेला तर गेला. मला उठायचंय." तिचे तळहात दिवाणावर टेकले.

"डॉक्टरने केला," मी म्हणालो.

हात थांबले. "कुठल्या?"

"त्यांच्या घरच्या डॉक्टरने. वीज जायच्या आत इन्स्पेक्टरने बोट दाखवलं होतं."

इन्स्पेक्टरने कुणाकडेही बोट दाखवलं नव्हतं. खात्री केल्याशिवाय एक ओळ छापू न देणारा म्हणून कार्यालयात माझी ख्याती होती. लोक मला त्यासाठी टाळत. आता मी डॉक्टरला हातमोजा दिला, मद्याच्या सुरईत विष घातलं, त्याला एका जुन्या प्रेमभंगाचं दुःख दिलं आणि हवेलीच्या गच्चीवर पळवलं. गच्चीवर पाऊस पाडला. पुठ्ठ्याने तिला वारा घालत मी त्याचा कबुलीजबाब सविस्तर सांगितला. त्यात माणूस फारच रडला.

"मना कवाच समजलं व्हतं," उशिरा आलेल्या मावशी म्हणाल्या. "त्याचे डोलंच बरं नव्हतं."

पत्नी काही बोलली नाही. हात तिने परत अंगाखाली घेतले. वीज आली तेव्हा मी आधी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पडदा बसला आहे. त्यांनी पालथं राहणं थांबवलं. नजर हळूहळू येत गेली. बुडबुडा विरेपर्यंत तिला सगळं हलत्या पाण्यापलीकडचं दिसत होतं.

महिन्याभराने एका दुपारी मी बाजारातून आलो, तर ती दिवाणावर सरळ बसून तोच चित्रपट संपवत होती.

"तुमचा डॉक्टर," ती म्हणाली, "अर्ध्यातच दलदलीत बुडून मेलाय. तुम्हीच सांगितलं होतंत मला तेव्हा. 'मृतदेह बाहेर काढण्यात आला' म्हणून."

मी पिशवी खाली ठेवली. मेलेल्या माणसाकडून मी दोन पानांचा कबुलीजबाब घेतला होता, आणि तो गच्चीवर धावलाही होता.

"मग त्याच वेळी का नाही बोललीस?"

"तुमच्याशी भांडायला मान वर करावी लागली असती," ती म्हणाली. "आणि मावशींसमोर तुम्ही घामाघूम होऊन पुठ्ठा हलवत होतात. म्हटलं, रडू दे त्या डॉक्टरला."

मी खरा खुनी कोण ते विचारलं. तिने टीव्ही बंद केला, डोळ्याच्या थेंबांची बाटली माझ्या हातात दिली आणि डोकं मागे टेकलं. मी थेंब घातले. तिने डोळे मिटून घेतले, एक थेंब गालावरून ओघळला तो पुसला, आणि उघडल्यावर आधी पंख्याकडे पाहिलं.

"केवढी धूळ आहे त्यावर," ती म्हणाली.